खून कुणी केला ते आधी सांगा

२०२५ च्या सप्टेंबरात ‘साबर बोंडं’ हा दोन पुरुषांच्या प्रेमावरचा मराठी सिनेमा भारतात थिएटरला लागला तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर सरळ दोन पार्ट्या पडल्या. एकीकडे आमचे काका, की असले सिनेमे फॉरेनच्या लोकांना दाखवायला काढतात, तिकडचंच खूळ आहे हे. दुसरीकडे पुण्याची मामेबहीण, की अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला ज्युरीचं मोठं बक्षीस मिळालंय, तुम्हाला कळतं का काही. मग दोघंही माझ्याकडे वळले, कारण मी कॅनडात व्हँकुव्हरजवळ राहतो म्हणजे परदेशाची सगळी माहिती माझ्याकडे असणार! पिक्चर उत्तमच आहे, वडलांच्या दहा दिवसांसाठी गावी आलेला मुलगा आणि त्याचा तिथला बालमित्र, त्याबद्दल वादच नाही. पण भांडण वाचताना वाटत होतं की ह्या दोघांनाही गे माणूस म्हटलं की एकतर बक्षिसवाला गंभीर सिनेमा दिसतो नाहीतर संस्कृतीचा ऱ्हास दिसतो. मधली टाइमपास पिक्चरची जागा कोणालाच आठवत नाही. शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर पाय पसरून बघायचा, अर्धा झाल्यावर खुनी ओळखायचा आणि शेवटी तोच निघाला की खूष व्हायचं, तसला.

इकडे तसले आहेत. डोनाल्ड स्ट्रेची नावाचा एक प्रायव्हेट डिटेक्टिव्ह आहे, रिचर्ड स्टीव्हन्सनच्या कादंबऱ्यांमधला, त्याच्यावर २००५ ते २००८ मध्ये चार पिक्चर झाले. काढले हिअर टीव्ही नावाच्या अमेरिकन गे-लेस्बियन चॅनेलने, गोष्ट घडते न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत आणि शूटिंग सगळं आमच्या ब्रिटिश कोलंबियात, कारण इथे स्वस्त पडतं. बजेट किती कमी ते बघताना कळतंच, त्याच त्या खोल्या, मोजकी माणसं, म्युझिक तर असं की सीरियल बघतोय वाटावं. हिरो जुनी गाडी चालवतो, मार खातो, क्लायंट पैसे देत नाही, आणि घरी आला की त्याचा नवरा टिम त्याच्या जखमेला औषध लावत त्याला झापतो. बास. हिरो गे आहे हा पिक्चरचा प्रॉब्लेमच नाहीये, प्रॉब्लेम हा आहे की खून झालाय.

पहिला ‘थर्ड मॅन आउट’. त्यात एक ॲक्टिव्हिस्ट आहे, लपून राहणाऱ्या मोठ्या मोठ्या गे लोकांची नावं तो जाहीर करत असतो, त्याच्यावर हल्ला होतो म्हणून तो स्ट्रेचीकडे येतो आणि नंतर मारला जातो. संशयित कोण, तर त्याने ज्यांचं आयुष्य चव्हाट्यावर मांडलं ते सगळेच. स्ट्रेचीला हा माणूस आवडत नाही, पण केस सोडवायची तर आहे. आणि स्ट्रेचीचं काम केलंय चॅड ॲलननी, ज्याचे दुसऱ्या मुलाला किस करतानाचे फोटो १९९६ मध्ये एका टॅब्लॉइडने छापून त्याला जगासमोर उघडं पाडलं होतं, तेव्हा तो टीव्हीवरचा लाडका पोरगा होता. म्हणजे ज्याचं गुपित असं विकलं गेलं तोच माणूस दहाएक वर्षांनी गुपितं फोडणाऱ्याचा खुनी शोधतोय. मला तर ह्या एका गोष्टीसाठी ती सगळी भिकार पार्श्वसंगीतं माफ आहेत. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, २००६ ला, त्याने काम केलेला ख्रिस्ती मिशनऱ्यांवरचा एक पिक्चर लागला तर तिथल्या चर्चवाल्यांनी गदारोळ केला की गे नटाला घेतलंच कसं. तेव्हा काका, "तिकडे" म्हणजे सगळं मोकळंच असतं असं समजू नका.

तिसरा पिक्चर तर पुण्यात उचलून ठेवला तरी चालेल. दोन वयस्कर बायका, वर्षानुवर्षं एकत्र राहणाऱ्या, त्यातली एक मार्गो किडर, म्हणजे जुन्या सुपरमॅनमधली लोइस लेन. एका कंपनीला त्यांची जागा पाहिजे, ह्या विकत नाहीत, मग घरावर घाणेरडं काहीबाही रंगवून जातात. आता हा द्वेष खरा की जागेसाठी कोणीतरी द्वेषाचा देखावा करतंय? रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगला बसलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही.

बहिणीचं म्हणणं होतं की तुमच्याकडे बरंय, आपल्याकडे असं काही यायला अजून पन्नास वर्षं. लग्नाच्या बाबतीत ती बरोबर आहे, कॅनडात २००५ पासून आहे आणि आपल्या सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ ला ते संसदेवर सोडून दिलं. पण सगळंच असं नाहीये ना. ह्याच मालिकेतला दुसरा पिक्चर, २००६ चा, गे मुलांना "बरं" करणाऱ्या थेरपीवाल्यांवर आहे. ती थेरपी कॅनडाने देशभर गुन्हा ठरवली ती जानेवारी २०२२ पासून. आणि मद्रास हायकोर्टाने? जून २०२१! मदुराईच्या दोन मुली घर सोडून चेन्नईला आल्या, दोघींच्या आईबापांनी मुलगी बेपत्ता म्हणून तक्रारी दिल्या, पोलीस मागे लागले, मुली कोर्टात गेल्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश ह्यांनी चक्क सांगितलं की मलाच हा विषय नीट कळत नाहीये, आणि स्वतः मानसतज्ज्ञाकडे सेशनला जाऊन बसले, मग निकाल दिला आणि त्यात असले उपचार बंद करा म्हणाले. इथे मात्र २०२३ च्या सप्टेंबरात शाळेत हे विषय नकोत म्हणून कॅनडाभर मोर्चे निघाले आणि आमच्या ओळखीतले देसी आईबाप हौसेने गेले होते. मोर्चाला जाताना पोरांना डबे बांधून नेले, तेवढे मात्र आपले संस्कार.

आता ती मदुराईची केस डिटेक्टिव्हच्या बाजूने बघा. आईबाप ऑफिसात येऊन रडतात, मुलगी हरवलीय, शोधून द्या. तुम्ही शोधता, ती सापडते, आणि तिला सापडायचंच नसतं. फी घेतलीय. काय करणार? किंवा गे लोकांच्या डेटिंग ॲपवरून भेटायला बोलवायचं, फोटो काढायचे आणि पैसे उकळायचे, असल्या बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतातच, आणि फसलेला माणूस पोलिसात जात नाही कारण चौकीतून घरी फोन गेला तर संपलं. २०१८ ला कलम ३७७ मधला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग गेला पण घरी फोन जायची भीती काय कोर्टाने रद्द होत नाही. असा माणूस प्रायव्हेट डिटेक्टिव्हकडेच जाणार, आणि तोही असा की ज्याला सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागणार नाही. झुंजार आणि काळापहाड वाचून मोठ्या झालेल्या लोकांना रहस्यकथा नवीन आहे का? अर्नाळकरांनी शेकड्याने लिहिल्या, आजीपासून नातवापर्यंत सगळे दुपारी झोपायच्या ऐवजी वाचायचे, कोणी विचारलं नाही की ह्यातून समाजाला संदेश काय.

संदेशाचंच तर दुखणं आहे. आपल्याकडे गे पात्र आलं की ते एकतर हसवायला नाहीतर शेवटच्या अर्ध्या तासात समजावून सांगायला. भाडं थकलेलं, डायबेटिस असलेलं, क्रिकेटवरून भांडणारं, केस चुकवणारं गे पात्र दाखवा ना. सदाशिव पेठेत एजन्सी चालवणाऱ्या दोन बायका, घरमालकाला "आत्तेबहिणी" म्हणून सांगितलेलं, आणि घरमालक केव्हाच समजून चुकलाय पण भाडं वेळेवर येतं म्हणून गप्प. पहिली केस त्याच्याच हरवलेल्या फाइलची. दोन खोल्या, एक जिना, एक स्कूटर, ह्यात पिक्चर होतो, ऑल्बनीवाल्यांनी ह्याच्याहून फार जास्त वापरलं नव्हतं.

बहिणीला हे सगळं लिहून पाठवलं तर तिचा एकच प्रश्न, पैसे कोण घालणार. इथे बर्नाबीत गणपतीला दर वर्षी वर्गणी काढणारे आम्ही काही जण आहोत, त्यातले दोघं तर मी विचारायच्या आधीच तयार झाले. एकच अट घातलीये, शेवटी त्या दोघींपैकी कुणाला मारायचं नाही.