किरण किरण पाटील

मराठीत किरण ‘तो’ असतो, हिंदीत ‘ती’. जळगावकराला हे व्याकरण रेल्वेत भोवतं. भुसावळ सोडून गाडी खंडव्याकडे निघाली की बऱ्हाणपूरच्या आसपास मी स्त्रीलिंगी होतो. (बऱ्हाणपूर एकेकाळी खानदेशाचीच राजधानी, पण फारुकी सुलतानांनी याबाबत काही सोय करून ठेवली नाही.) इंदूरच्या एजंटानं परतीचं तिकीट काढलं तर त्यावर मी हमखास बाई. टीसी यादी बघतो, माझ्या मिशा बघतो आणि विचारतो, “मॅडम कहाँ हैं?”

आडनावानं तरी मदतीला यावं, तर ते पाटील. मूळ संस्कृत पट्टकिल म्हणतात, गावाचा मुख्य. मुलकी पाटलांची पदं १९६२च्या कायद्यानं रद्द झाली, आडनाव रद्द करायचं कुणाला सुचलं नाही. लेवा पाटील, मराठा पाटील, गुजर पाटील! आमच्या गल्लीत दगड मारला तर पाटलाला लागतो, आणि मारणाराही पाटीलच निघतो.

माझं नाव वडिलांनी यष्टीरक्षक किरण मोरेंवरून ठेवलं. बायकोचं तिच्या वडिलांनी किरण बेदींवरून. हो, तीही किरणच. लग्नपत्रिकेचा मजकूर दिला तर छापखान्यातून फोन, “भाऊ, नवरीचं नाव राहिलं!” लग्नात ताटातल्या तांदळावर नवीन नाव लिहायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, “यांचंच बदला.” ज्या मुलीचं नाव बेदीबाईंवरून ठेवलंय तिच्याशी वाद घालू नये. त्यामुळे आधारवर ती किरण किरण पाटील. जो तो कारकून त्यातला एक किरण चूक समजून खोडतो.

घरात आई “किरण!” म्हणून हाक मारते. चहा असला तर दोघंही हजर, दळण टाकायचं असलं तर एकही नाही.

आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदांवर, वडिलांच्या आधी आईचं नाव लागतं. आमचा मुलगा नेमका त्या जूनमधला. दाखल्यासाठी गेलो.

“आईचं नाव?”

“किरण.”

“वडिलांचं?”

“किरण.”

“अहो, ते झालं. दुसऱ्याचं सांगा ना!”

लग्नाचा दाखला दाखवला. त्यांनी तो उलटून मागूनही पाहिला.

“बरं, बाळाचं?”

बारशाला माझ्या बहिणीनं, म्हणजे त्याच्या आत्यानं, हौसेनं ठेवलेलं नाव मी सांगितलं, “शशी.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “भाऊ, आंडोर शे का आंडेर, पोरगा का पोरगी, ते तरी सांगा.”