आमच्या घरी सगळेच जाडे

लॅमिंग्टन रोडवरून चोवीस इंची मॉनिटर घेतला आणि ग्रँट रोडहून बोरिवलीपर्यंत स्लो लोकलच्या लगेजच्या डब्यात, कुणाची तरी माशांची पाटी त्यावर टेकू नये म्हणून खोक्याला मिठी मारून उभा राहिलो. घरी आल्यावर जुन्या पीसीला लावला, फोटो उघडले, तर आई म्हणाली, "अगं बाई, मी एवढी सुटलेय?"

नुसती आईच नाही, दादा, काकू, गणपती, सगळेच. गणपतीचं एकवेळ चाललं असतं.

खरी घाई दादाच्या बायोडेटाची होती, स्थळ चांगलं होतं आणि फोटो संध्याकाळपर्यंत हवा होता. मी हुशारी केली. पेंट उघडलं, रुंदी ७५ टक्के केली, दादा एकदम नीट दिसायला लागला, पाठवून दिला. दोन दिवसांनी मुलीच्या आत्याचा फोन, "मुलगा तब्येतीने नाजूक आहे का हो?" आईने माझ्याकडे असं बघितलं की मी सरळ दूध आणायला गेलो.

शेवटी शेजारचा बारावीतला पोरगा आला, त्याने पेंटमध्ये गोल काढायला लावला आणि स्क्रीनला पट्टी लावली. आडवा सोळा सेंटिमीटर, उभा बारा. म्हणजे गोल नाही, बटाटा. "काका, पीसी फॉरमॅट केल्यावर स्क्रीनवर चित्र नीट बसवणारं सॉफ्टवेअर, ग्राफिक्स ड्रायव्हर, टाकलाच नाही तुम्ही." (काका! मी एकोणतीसचा आहे.) त्यामुळे पीसी आपला १०२४ बाय ७६८ ठिपक्यांवर, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३, आणि मॉनिटर १९२० बाय १०८०, म्हणजे १६:९. आडवे १०२४ ठिपके ताणून १९२० वर बसवायचे, उभे ७६८ मात्र १०८० वर, म्हणजे आडवं जवळपास दुपटीला जातं आणि उभं जेमतेम दीडपटीच्या अलीकडे थांबतं, त्यात माणूस एक तृतीयांशाने जास्त रुंद होतो. तळलेलं काहीही न खाता. आणि मी काय केलं तर बिघडलेल्या स्क्रीनच्या मापाने धडधाकट दादा कापला.

ड्रायव्हर टाकला, गोल गोल झाला, आई बारीक झाली, तिने लगेच शिरा केला.

बाबा मात्र नाराज. त्यांनी ९४ सालच्या लग्नाच्या कॅसेटची सीडी लावली, ती ४:३ची, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे. "पूर्ण मॉनिटरचे पैसे दिलेत ना? मग हे रुपयातले चार आणे काळे कशाला?" हिशोब बरोब्बर होता, चौथा हिस्सा खरंच रिकामा जात होता. मी समजवायला गेलो, त्यांनी माउस हिसकावून प्लेअरमध्ये १६:९ केलं. बोहल्यावरचा काडीपैलवान नवरा एकदम भरला, छाती रुंद, मुंडावळ्या कानाच्या पलीकडे.

"तेव्हा कुठे होतात एवढे?" आई म्हणाली.

"राहू दे तसंच," बाबा म्हणाले.