ग्रंथालयात कोणालाही काही विचारू नये

विद्यापीठाच्या ग्रंथालयात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला सर्वांत मोठा धोका दारापासून दहा पावलांवर असतो. संदर्भ विभागाच्या टेबलामागे एक व्यक्ती बसलेली असते. तिने ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली असते, कोणता विषय कोणत्या मजल्यावर आहे हे तिला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते, आणि सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे लोकांच्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठीच तिला पगार मिळतो. तिच्यापुढे तोंड उघडले, तर ज्या कामासाठी तुम्ही अख्खी दुपार राखून ठेवली आहे ते पाच मिनिटांत उरकण्याची भीती असते. म्हणून आत शिरताना चेहऱ्यावर असा भाव ठेवावा, की या इमारतीची कोनशिला आपल्याच आजोबांच्या हस्ते बसली होती, आणि त्या टेबलाकडे न पाहता सरळ जिन्याकडे वळावे. जिना कुठे आहे हे ठाऊक नसले तरी वळावे.

वर्षाच्या सुरुवातीला ‘ग्रंथालय परिचय’ नावाचा तासाभराचा कार्यक्रम असतो, तोही टाळलेला बरा. तिथे नकाशा देतात, पुस्तक कसे शोधायचे ते दाखवतात, आणि प्रबंध सादर करायच्या आठवड्यात जे शोध तुम्हाला स्वतःच्या हिमतीवर लावायचे आहेत ते आधीच लावून देऊन सगळी मजा घालवतात.

काही उतावळे वाचक आल्याबरोबर ऑनलाइन तालिकेचा, म्हणजे ग्रंथालयातली मंडळी जिला ओपॅक म्हणतात त्या पुस्तकांच्या संगणकीय यादीचा, आधार घेतात. घ्यायचाच झाला तर तो निदान योग्य रीतीने घ्यावा. शोधाच्या चौकटीत आपल्या प्रबंधाचे पूर्ण शीर्षक ‘एक चिकित्सक अभ्यास’ या शेपटासकट टंकित करावे. टाकलेला प्रत्येक शब्द नोंदीत असलाच पाहिजे असे बहुतेक तालिका धरून चालतात, त्यामुळे शब्द जितके वाढवाल तितकी उत्तरे घटतात आणि बारा शब्दांना उत्तर हमखास शून्य येते. हे शून्य मौल्यवान आहे. ‘प्रस्तुत विषयावर आजवर काहीही लेखन झालेले नाही’ हे वाक्य त्याच्या बळावर प्रस्तावनेत छातीठोकपणे घालता येते, आणि मार्गदर्शकांनीही तालिका उघडलेली नसेल तर ते शेवटपर्यंत टिकतेसुद्धा.

एखादे उपयोगी पुस्तक दुर्दैवाने सापडलेच, तर त्याच्या नोंदीतल्या विषयशीर्षकावर चुकूनही टिचकी मारू नये. एका गोष्टीला लोक दहा नावांनी ओळखत असले, तरी तालिकाकार त्यांतले एकच प्रमाण धरतात आणि त्या विषयावरची सारी पुस्तके त्याच नावाखाली आणून बसवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने अशा प्रमाण वैद्यकीय संज्ञांची सूची १९६० मध्ये प्रसिद्ध केली आणि ती आजही चालवली जाते. बोलीभाषेतला ‘हार्ट अटॅक’ तिथे ‘मायोकार्डिअल इन्फार्क्शन’ या नावाने नांदतो. हे एकदा कळले की माणूस दिवसभर भलत्याच शब्दांनी शोधत राहण्याचा आनंद कायमचा गमावतो.

आता बोधांकाकडे वळू, कारण खरी दिशाभूल करून घ्यायची ती इथेच. बोधांक म्हणजे पुस्तकाच्या कण्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरची अक्षरे आणि आकडे. वर विषयाचा वर्गांक असतो, खाली लेखकाच्या नावावरून केलेला ग्रंथांक, आणि दोन्ही मिळून त्या पुस्तकाचा पत्ता होतो. तो कागदावर कधीही उतरवून घेऊ नये. पहिले तीन आकडे तोंडपाठ करून निघावे, म्हणजे एखाद्याचे घर शोधताना केवळ शहराचे नाव घेऊन निघाल्यासारखा प्रशस्त अनुभव मिळतो. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालांनी १८७६ मध्ये विषयांना असे वर्गांक देण्याची दशांश पद्धत छापली, तेव्हा ती अवघ्या ४४ पानांची पुस्तिका होती आणि तिच्यावर त्यांचे नावही नव्हते. पुढे तिचे चार जाडजूड खंड झाले. एवढे खंड लिहून ठेवले आहेत म्हणजे वाचकाने त्यांतले काही समजून घेतले पाहिजे असे थोडेच आहे?

‘दशांश’ या शब्दाकडे तर सपशेल दुर्लक्ष करावे. समजा, तुम्हाला रिग्रेशन या संख्याशास्त्रातल्या पद्धतीवरचे एक पुस्तक हवे आहे आणि त्याचा वर्गांक ५१९.५३६ आहे. तुम्ही मांडणीपाशी जाता, समोर ५१९.५४ दिसतो. पाचशे छत्तीस ही संख्या चोपन्नापेक्षा कितीतरी मोठी, तेव्हा आपले पुस्तक बरेच पुढे असणार असा हिशेब करून उजवीकडे चालू लागावे. रांग संपते, पुढची रांग सुरू होते, आकडे ५२० वर जातात, खगोलशास्त्र लागते, ग्रहतारे संपेपर्यंत पायांचे तुकडे पडतात. या सगळ्या काळात ५१९.५३६ हा ५१९.५४ च्या डावीकडे हातभर अंतरावर असतो, कारण बिंदूच्या पुढे एकेक आकडा स्वतंत्र वाचायचा असतो आणि तीन हा चारच्या आधी येतो. ही गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलेलो असतो. संख्याशास्त्रात प्रबंध लिहिणारेही ती या मांडणीसमोर उभे राहिल्यावर विसरतात, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण त्यांतला एक मीच होतो.

शिवाय विषय कुठे असावा याविषयी स्वतःच्या तर्कावर अढळ श्रद्धा असावी. मराठी भाषा आणि मराठी साहित्य शेजारीशेजारी असणार हे उघड आहे, म्हणून भाषेच्या ४९१.४६ पाशी पोहोचलात की कविता तिथेच शोधत राहावे. साहित्य ८९१.४६ मध्ये, म्हणजे मधली सगळी शास्त्रे, तंत्रे आणि कला ओलांडून पलीकडे असते, हे कोणी सांगू लागल्यास ऐकून घेऊ नये. मानसशास्त्र १५० मध्ये तत्त्वज्ञानाच्या ओसरीवर बसलेले असते आणि मनाचे आजार ६१६.८९ मध्ये डॉक्टरांच्या ताब्यात असतात. संगणकशास्त्र ००४ मध्ये आहे. त्याच शंभरीत ००१.९४२ वर उडत्या तबकड्यांची पुस्तके येतात, त्यामुळे प्रोग्रॅमिंग शिकायला आलेला विद्यार्थी संध्याकाळी परग्रहवासीयांविषयी बरीच माहिती घेऊन घरी जाऊ शकतो. काही विद्यापीठांत ड्यूईऐवजी अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाची अक्षरांनी सुरू होणारी पद्धत असते. तिथे गणित ‘क्यूए’ खाली मिळते. तिथेही ५१९ शोधत फिरण्याला कोणाची मनाई नाही.

या साऱ्या मांडामांडीमागचा हेतू मात्र एकदा समजून घ्यावा, म्हणजे तो हाणून पाडायला सोपे जाईल. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. ते १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तके उपयोगासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. यांतले चौथे सूत्र आपल्या मार्गातला मोठा अडथळा आहे. तुमचा वेळ वाचवण्यासाठी एक अख्खे शास्त्र उभे असताना तो वाया घालवायला केवढी चिकाटी लागते, याची कल्पना बाहेरच्या माणसाला येणार नाही.

त्यातूनही अगदीच नाइलाज होऊन टेबलापाशी जावे लागलेच, तर प्रश्न नेमका कधीही विचारू नये. तुम्हाला शंभर वर्षांपूर्वीच्या एका जनगणनेतला एकच तक्ता हवा असेल, तर ‘इतिहासाची पुस्तके कुठे आहेत?’ असे विचारावे. टेबलामागची व्यक्ती अनुभवी असते. ती हसून विचारते, ‘नेमके कशासाठी हवे आहे?’ हा त्यांच्या शास्त्रातला ठरलेला डाव आहे. वाचक जे विचारतो त्याच्या आडून त्याला खरे काय हवे आहे ते काढून घ्यायचे शिक्षण त्यांना मिळालेले असते. यावर ‘काही नाही, असेच’ एवढे उत्तर देऊन काढता पाय घ्यावा. याने तुमची विद्वत्ता अबाधित राहते. तक्ता मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

बाकीच्या सेवांबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण त्या न वापरणे तुलनेने सोपे आहे. हवे असलेले पुस्तक दुसऱ्याने नेले असेल तर ते आपल्या नावे राखून ठेवता येते आणि मग त्या माणसाला सहसा मुदत वाढवून मिळत नाही. त्याऐवजी रोज जाऊन मोकळी जागा पाहून यावी. पुस्तक इथे नसेलच तर आंतरग्रंथालयीन देवघेवीने दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येते. हे ऐकून ‘असेही असते का?’ असे आश्चर्य शेवटच्या वर्षापर्यंत जपून ठेवावे. ग्रंथालयाने वर्गणी भरलेल्या नियतकालिकांतला लेख घरून वाचायचा असेल तर विद्यापीठाच्या खात्याने प्रवेश करावा लागतो. त्यापेक्षा प्रकाशकाच्या संकेतस्थळावर जाऊन तोच लेख स्वतःच्या खिशातून विकत घेणे अधिक स्वाभिमानाचे आहे.

मांडणीवरून काढलेली पुस्तके मात्र तुम्ही स्वतःच परत ठेवावीत. ‘पुस्तके टेबलावरच ठेवावीत’ अशी पाटी प्रत्येक दोन रांगांआड लावलेली असते, पण ती आळशी लोकांसाठी आहे असे समजावे. टेबलावर ठेवलेली पुस्तके कर्मचारी मोजतात, त्यावरून कोणते पुस्तक इथे बसून वाचले जाते ते त्यांना कळते, आणि मग ती नेमक्या जागी जातात. तुम्ही अंदाजाने ठेवलेत तर यांतले काहीच होत नाही. जागा चुकलेले पुस्तक आणि हरवलेले पुस्तक यांतला फरक तालिकेला कळत नाही. ती दोघांनाही ‘उपलब्ध’ म्हणते.

इथून पुढे येते ती या विद्येची शेवटची पायरी, म्हणजे पुस्तक मुद्दाम लपवून ठेवणे. मध्ययुगीन युरोपात पुस्तके मांडणीला साखळदंडाने बांधून ठेवत असत. इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये असे ग्रंथालय अजूनही पाहायला मिळते. पुढे लोकांवर विश्वास टाकून साखळ्या काढल्या गेल्या आणि वाचकाने स्वतःच मांडणीवरून पुस्तक काढून घेण्याची मुक्तद्वार पद्धत आली, तेव्हा या विश्वासाचे चीज करणे हे आपले कर्तव्यच ठरते. परीक्षेच्या काळात सगळ्यांना हवे असलेले एकच पुस्तक असते. खात्यावरची पुस्तकांची मर्यादा संपलेली असेल, तर ते अशा विषयात नेऊन ठेवावे जिथे तुमच्या वर्गातला कोणीही फिरकणार नाही.

मी रिग्रेशनवरचे ते पुस्तक, डाव्या बाजूला अखेर सापडल्यावर, ६३६.७ मध्ये नेऊन ठेवले होते. ६३६.७ म्हणजे कुत्री. जातिवंत कुत्र्यांच्या एका सचित्र कोशाच्या मागे, मांडणीच्या पाठीला टेकवून, कणा आत वळवून ते मी असे बसवले, की ते तिथे आहे हे मला आणि फार तर त्या कोशातल्या शिकारी कुत्र्यांनाच ठाऊक असावे. तीन आठवड्यांनी खाते मोकळे झाले आणि मी ते घ्यायला गेलो. कोश होता, मागे काही नव्हते. शेजारच्या मांडण्या पाहिल्या, मग खालचे कप्पे, मग मांजरांचा विभाग. पुढचे जवळजवळ दोन आठवडे मी रोज एखादा तास तिथे घालवत होतो आणि त्या काळात कुत्र्याच्या पिल्लाला शिस्त लावण्यावरची दोन पुस्तके नाइलाजाने वाचून काढली. ५१९.५३६ पाशी मी एकदाही गेलो नाही, कारण पुस्तक तिथे नाही हे जगात खात्रीने माहीत असलेला मी एकटाच होतो. तालिकेत ‘उपलब्ध’ दिसत होते, त्याचेही मला हसू येत होते.

शेवटी मी संदर्भ विभागाच्या टेबलापाशी गेलो, आणि पहिल्यांदाच, थकल्यामुळे, नेमका प्रश्न विचारला. टेबलामागच्या बाईंनी पडद्यावर एकदा पाहिले, उठल्या, माझ्यासोबत मांडणीपर्यंत आल्या आणि ५१९.५४ च्या डावीकडून पुस्तक काढून माझ्या हातात दिले. रोज सकाळी मांडण्या वाचून चुकार पुस्तके जागेवर नेणारे कर्मचारी असतात, असे त्या जाता जाता म्हणाल्या. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी मी उघडून पाहिली. मी पुस्तक लपवल्यानंतरचे दोन शिक्के तिच्यावर होते. मी मांजरांच्या विभागात गुडघ्यांवर बसलेलो असताना ते दोघांनी नेऊन, वाचून, मुदतीच्या आत परत केले होते.