चाकाचा आवाज ऐकणं म्हणजे ब्रेक खोलणं नव्हे

नमस्कार,

सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. आवाजावरून बिघाड ओळखायच्या माझ्या सल्ल्यावर तुमचे आक्षेप दोन. चाकातून घासल्यासारखा आवाज आला की सरळ गॅरेज गाठावं, ब्रेकच्या बाबतीत सामान्य माणसाला निदान करायला लावणं बेजबाबदारपणाचं आहे, हा पहिला. आणि पावसाळ्यात सकाळी येणाऱ्या खरखरीकडे दुर्लक्ष करा, हा सल्ला कुणाच्या तरी जिवावर बेतेल, हा दुसरा.

माहिती नसताना घरी ब्रेक खोलू नयेत, हे माझंही ठाम मत आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कुणीच जाऊ नये. पण मी ऐकायला सांगतोय, खोलायला नाही. आवाज येतो गाडी चालताना, गॅरेजच्या दारात उभी केली की तो गप्प. मेकॅनिक चक्कर मारून बघतो तीही जवळपासच्या गर्दीत; ताशी 60 च्या पुढे येणारी घरघर त्याला तिथे ऐकू यायची कशी? मग अंदाजाने काम होतं. माझ्या गाडीला एका गॅरेजने 'बेअरिंग गेलं', म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो भाग खराब झाला, म्हणून सांगितलं होतं. दुसरीकडे चाक काढलं, तर डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी) आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यामध्ये हरभऱ्याएवढा खडा अडकलेला. डिस्कच्या आतल्या बाजूला त्याने गोल, चकचकीत चरा पाडला होता. खडा काढला, पत्रा हाताने जरा मागे वाकवला, काम झालं. बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते आणि वळणावर बदलते. हा आवाज वळणावर जराही बदलत नव्हता. ते आधी सांगितलं, म्हणूनच त्या मेकॅनिकने बेअरिंगला हात लावण्याआधी पत्रा पाहिला.

आता पावसाळ्याचं. डिस्क बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. रात्रभर पाऊस लागला की तिच्यावर तांबूस थर धरतो, रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत जरा जास्तच. सकाळी पहिल्या चार-दोन ब्रेकमध्ये पॅड, म्हणजे डिस्कला दाबून गाडी थांबवणारे ठोकळे, तो खरवडून काढतात. मी दुर्लक्ष करा म्हटलं ते एवढ्यापुरतंच. नेहमीसारखे ब्रेक लावत किलोमीटर-दोन किलोमीटर गेल्यावरही खरखर थांबली नाही, तर तो गंज नव्हे.

खरी भीती आहे ती ब्रेक दाबल्यावर वाढणाऱ्या करकरीची. बऱ्याच पॅडना लोखंडाची बारीक पट्टी असते. पॅडचं घासणारं अस्तर 2-3 मिलिमीटर उरलं की ती डिस्कला घासून किंचाळते. ती सूचना असते, त्याच आठवड्यात पॅड बदलून घ्यावेत. पण तेही टाळलं आणि लोखंडावर लोखंड करकरू लागलं, तर घाट उतरायचा विचारसुद्धा करू नका. गाडी बाजूला घ्या आणि टोइंगवाल्याला बोलवा. प्रवासानंतर एकाच चाकाजवळ हात नेल्यावर भट्टी जाणवली, बाकीची मात्र कोमट असली, तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जाम झालेला असू शकतो किंवा हँडब्रेक अडकलेला. तीही गाडी पुढे रेटू नये. रिमला हात मात्र लावू नका, चटका बसेल.

राहिली तुमची गाडी. तुम्ही लिहिलंय की उजवीकडे वळताना आवाज वाढतो, ब्रेकने फरक पडत नाही, आणि पॅड बदलूनही तो तसाच आहे. उजव्या वळणावर भार डाव्या चाकांवर येतो, त्यामुळे माझा संशय डाव्या बाजूच्या बेअरिंगवर आहे. त्याआधी एक बघा. गाडी सपाट जागी उभी करून स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवा, इंजिन बंद करा आणि दोन्ही पुढच्या चाकांच्या कमानीत टॉर्च मारा. आतल्या प्लॅस्टिकवर टायर घासल्याची चमक दिसली, तर त्या प्लॅस्टिकची सुटलेली क्लिप लावून भागेल. तसं काही नसेल, तर मेकॅनिकला डावं पुढचं चाक उचलून हाताने फिरवायला सांगा, आणि फिरवताना दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायला सांगा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये बारीक थरथर लागते. पुढच्या चाकात काही सापडलं नाही, तर हेच डाव्या मागच्या चाकालाही करून बघायला सांगा.