पक्षी नसताना जायचं

लेकीकडे एडिनबरोला आल्यापासून "आई, तुला पक्षी दाखवायला नेतो" असं चाललं होतं. रविवारी एकदाचं नेलं. नॉर्थ बेरिक (लिहितात बेरविक, म्हणतात बेरिक, आपण कोण विचारणार!), ट्रेनने जेमतेम अर्धा तास. बंदरावरच स्कॉटिश सीबर्ड सेंटर. तिकीट काढून आत गेले, तर समोर टीव्हीसारखे पडदे. खरं सांगते, जीव खट्टू झाला. बाहेर समुद्रात बास रॉक नावाचं खडकाळ बेट उभं, पक्ष्यांनी आणि त्यांच्या शिटेने पांढरंफटक झालेलं. आणि मी दापोलीहून इथवर येऊन टीव्ही बघायचा?

नात म्हणाली, "आजी, ही मूठ फिरव." फिरवली, तर तिकडे बेटावरचा कॅमेरा फिरला! गॅनेटची एक जोडी एवढी जवळ आली की पिसं मोजावीत. पांढराशुभ्र पक्षी, डोक्या-मानेवर हळदीचा हात फिरवल्यासारखा. दोघं माना उंच करून चोचीवर चोच घासत होती. शेजारीण जरा सरकली की लगेच टोच. आमच्या चाळीतल्या नळाची आठवण झाली. हाच पक्षी तीस-तीस मीटरवरून पाण्यात सूर मारतो. आपटून इजा होऊ नये म्हणून चेहऱ्याच्या आणि छातीच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात.

मग एक वेगळा दिसला. गॅनेटचा डोळा फिकट निळा असतो, याचा काळाकुट्ट. २०२२ साली इथे बर्ड फ्लू शिरला. त्यातून वाचलेल्या काही पक्ष्यांचे डोळे असे काळे झाले, हे संशोधकांनी रक्त तपासून दाखवलं. २०१४ मध्ये या खडकावर ७५ हजारांवर जोड्यांच्या जागा मोजल्या होत्या, तेव्हा ही गॅनेटची जगातली सगळ्यात मोठी वसाहत. २०२३ मध्ये त्या ५२ हजारांच्या आसपास भरल्या. साथीच्या उन्हाळ्यात बेटावर माणसांना उतरायलाही बंदी होती. कॅमेरा मात्र तिथेच होता.

तिथे माझा खट्टूपणा गेला. आपल्याकडच्या एका किनाऱ्यावर मागे कासवाची पिल्लं सोडताना पाहिली होती. दोरी बांधलेली होती, पण दोरीवरून वाकून मोबाइल पुढे, "जरा हातात द्या ना, मुलाला दाखवतो." बोटभर पिल्लू, त्याच्यावर पन्नास सावल्या. कासवं वाचवणाऱ्या गावांबद्दल मला आदरच आहे. वेळासला पूर्वी अंडी उकरून नेत, आज तीच माणसं घरटी राखतात. माझा राग पाहुण्यांवर आहे, आणि त्यात मीही आले. जवळ गेल्याशिवाय पाहिल्यासारखं वाटतच नाही आपल्याला.

सगळ्यात आवडलं ते शेजारच्या क्रेगलीथ बेटाचं प्रकरण. तिथे पफिन नावाचे समुद्रपक्षी बिळात अंडी घालतात. ट्री मॅलो नावाचं भेंडी-जास्वंदीच्या कुळातलं झाड तिथे माजलं, पुरुषभर उंच, आणि बिळांची तोंडंच बंद झाली. हजारो जोड्या हटल्या. २००७ पासून या सेंटरचे स्वयंसेवक होडीने जाऊन ते तोडतात. कधी? विणीचा हंगाम सोडून. म्हणजे ज्यांच्यासाठी घाम गाळायचा, ते पफिन तेव्हा समुद्रात लांब कुठेतरी! फोटो काढायला समोर काय, तर तोडलेल्या झाडांचा ढीग.

हे काम मला कळतं हो. बागेत बेणणी करण्यात जन्म गेला माझा. परतताना ट्रेनमध्ये लेकीला म्हटलं, पुढच्या खेपेला मला ऑक्टोबरात बोलाव, मी माझी कोयती घेऊन येते.

जावई हळूच म्हणाले, "आई, कोयती इथे विकत घेऊ. विमानात नको."