माझा फोटो कितव्या लाईनीत?

दिवसा मी चाळीसगावात एका आडत दुकानावर खतावणी लिहितो आणि रात्री समाजाला झोंबतील अशी पॉप चित्रं काढतो. ती आजवर कुणालाच झोंबलेली नाहीत.

हा जोडधंदा सुचला भूपेन खख्खर यांच्यामुळे. ते चार्टर्ड अकाउंटंट. बडोद्यात राहून हिशेब बघायचे आणि न्हावी, शिंपी, घड्याळजी यांची चित्रं काढायचे. जमाखर्चवाल्या माणसाला एवढा आधार पुरतो. गावाचा मात्र आधार नाही. नामवंत छायाचित्रकार केकी मूस इथलेच. स्टेशनाजवळच्या बंगल्यात त्यांनी स्वतःला वर्षानुवर्षं कोंडून घेतलं, त्यामुळे कलावंत म्हणजे न दिसणारा माणूस, ही इथली व्याख्या. मी रोज पिशवी घेऊन मेथी आणायला जातो. संपलं.

तरी पेटलो. अमेरिकेचा पॉप चित्रकार अँडी वॉरहॉल याने 1962 साली लॉस एंजेलिसमध्ये सूपच्या डब्यांची 32 चित्रं मांडली. सगळे डबे सारखे, फक्त चव वेगळी. शेजारच्या दुकानदाराने खिडकीत खरे डबे रचून त्याची टर उडवली म्हणे. टर उडवून घ्यायलाही नशीब लागतं! मी प्लायवूडवर ऑइलपेंटने 32 ‘भाऊ’ काढले. तोच काळा गॉगल, तेच जोडलेले हात, गळ्यात तीच जाड चेन. खाली चव : कार्यसम्राट, युवकांचे आशास्थान, गोरगरिबांचे कैवारी. फळी ओट्याबाहेर टांगली, बायकोला माहेरी पाठवलं आणि दगडांची वाट बघत बसलो.

संध्याकाळी सहा मोटरसायकली आल्या. पुढच्या गाडीवरून खरे भाऊ उतरले. गॉगल वर केला. बराच वेळ बघितलं. माझ्या पोटात गोळा.

“मना फोटो कोठे शे?”

सगळे चेहरे एकच, म्हणून मी घाबरून मधल्या एकावर बोट ठेवलं.

“तिसरी लाईनमा? वर ले ना भो!”

आणि खिशात अकराशे रुपये कोंबून गेले. दुसऱ्या दिवशी विरोधी गटाचे आले. त्यांचीही तक्रार लाईनीचीच. तिसऱ्या दिवशी एक आजोबा आले, नातू त्यात बसेल का विचारायला. खख्खरांच्या 1981च्या एका गाजलेल्या चित्राचं नाव आहे ‘यू कान्ट प्लीज ऑल’. सगळ्यांना खूश करता येत नाही म्हणे. मला एकालाही नाराज करता येईना.

वैतागून मी उपरोध सोडला आणि एक निरुपद्रवी चित्र काढलं : वॉरहॉलसारखाच पत्र्याचा डबा, त्यावर ‘खान्देशी भरीत’ आणि एक झोकदार जांभळं वांगं. जांभळा रंग उरला होता, बाकी काही नाही.

सकाळी ओट्यासमोर पंधरा माणसं. चहावाला, रिक्षावाले, दोन्ही गटांचे कार्यकर्ते, आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला.

“हाई काय शे? जांभयं वांगं? तू नाशिकना शे का?”

भरताचं वांगं हिरवं असतं, पांढुरक्या रेघांचं, हातभर लांब. कपाशीच्या काड्यांवर भाजलं की साल हाताने निघते. हे मला सगळ्यांनी एकाच वेळी सांगितलं. एकाने चित्रावर चुना फासला. एका म्हातारीने तर माझ्या आईच्या संस्कारांचा विषय काढला. आई आतच होती. ती बाहेर येऊन त्यांच्याच बाजूला उभी राहिली.

दुपारी सासऱ्यांचा फोन. सासुरवाडी यावल तालुक्यात, बामणोदची, म्हणजे वांग्याच्या बाबतीत काशीच.

“जावईबापू, तुम्ही वांगं जांभयं काढलं म्हने?”

“रंग उरला होता, मामा.”

बराच वेळ पलीकडून फक्त श्वास. मग फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी एसटीने गोणी आली, सोबत बायको. गोणीत हिरवी वांगी आणि वर वहीच्या कागदावर सासऱ्यांचं अक्षर : ‘आधी पाहा, मंग काढा.’

मॉडेल म्हणून पाच वांगी स्टुलावर मांडली आणि ब्रश धुवायला मोरीत गेलो. परत आलो तर आई परसात काड्या पेटवत होती.