दूध ताजं, टायर शिळा

जीएसटी उतरल्यापासून आमच्या बाळूचं तोंडही उतरलंय. नव्या टायरला 28 चे 18 झाले म्हणून सगळे खूश, हा एकटा सुतकात. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या त्याच्या गाळ्यात पुढं नवे टायर मांडलेले असतात, पण खरा जीव गुंतलाय मागच्या अंधारातल्या ढिगात. भारीतल्या गाड्यांचे काढलेले जुने टायर. जुन्याला आधीपासूनच 18 होते. मधलं 10 टक्क्यांचं अंतर गेलं आणि गिऱ्हाईक पुढच्या मांडणीजवळच थांबायला लागलं.

रविवारी संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर, म्हशी समोर पिळून ग्लास देतात तिथं, आम्ही नेहमीचेच. सच्यानं त्याची सेकंडहँड जर्मन सेडान म्हशींना लागून लावली, डिकी उघडली आणि बाळूकडनं पसंतीला आणलेला टायर दोन्ही हातांनी उतरवला. नवरदेवाची परात उतरवतात तसा.

"225, 45, आर 17, डब्ल्यू. हाय परफॉर्मन्स समर टायर, भावा. पायलट स्पोर्ट, पोटेन्झा, पी झिरो असल्या भारी परदेशी टायरांच्या पंगतीतला!"

पैलवानानं ग्लास खाली ठेवला. "समर म्हंजे उन्हाळी न्हवं? मग पावसाळ्यात गाडी काय विटांवर चढवून ठेवणार?"

सगळे हसले खरे, पण मला तरी उत्तर कुठं ठाऊक होतं? ते बाळूनं दिलं, आणि चांगलं दिलं. समर हे नाव बर्फाच्या मुलखातलं. तिकडं हिवाळ्याला वेगळे टायर चढवतात, कारण समरचं रबर साधारण 7 डिग्रीच्या खाली कडक पडायला लागतं आणि पकड सुटते. पावसाचं त्याला वावडं नाही. उलट त्याच्या रुंद खाचा पाणी बाजूला फेकायलाच असतात.

"आपल्याकडं पारा 12 वर आला तर पेपरात शेकोटीचा फोटो येतोय," बाळू म्हणाला. "आपल्याला बारा म्हैनं समरच."

"आणि डब्ल्यू म्हंजे?"

"ताशी 270 पर्यंत चालतोय," सच्यानं छाती फुगवून सांगितलं. जणू 270 तोच पळणार होता.

आप्पा तोवर गप्प होते. एस.टी.च्या वर्कशॉपात उभा जन्म गेलेला माणूस, उगाच तोंड उघडत नाही. "270 व्हय? परवा तावडे हॉटेलपासनं स्टँडपर्यंत यायला तुला पाऊण तास लागला. तेवढ्यात आमची लालपरी कागलला जाऊन पोचायची."

"रस्ता नीट पाहिजे की आप्पा!"

"रस्त्याचं तू बोलू नगंस," पैलवान उसळला. "टोलच्या मोर्चाला आम्ही उन्हात घोषणा देत हुतो आणि हे मिसळीच्या रांगेत!"

"मी तुमच्यासाठीच पाव आणायला गेलतो."

"ते पाव अजून यायचेत."

हे भांडण दर महिन्याला होतं, त्यामुळं कुणी मनावर घेतलं नाही. आप्पांनी मात्र टायर मांडीला टेकवून घेतला. आधी नुसता अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला. "पॉलिश मारलंय. ठीक हाय, नवरीलाबी पावडर लावत्यात." मग कडेचं रबर दाबून बारीक चिरा बघितल्या, आत हात घालून फुगा-टाका चाचपला आणि शेवटी सच्याकडनं काडेपेटी मागून घेतली. एक काडी मधल्या खाचेत उभी धरली, रबराच्या रेघेवर नखानं खूण केली आणि काडी उजेडात धरली.

"4 मिलिमीटर. बाळू, नवा असतोय किती?"

"8 च्या आसपास."

"आणि 1.6 ला कायद्यानं संपला. खाचंत ती बारकी गाठ दिसतीया न्हवं, ती तेवढ्यासाठीच. आता बोल, नवा कितीला, ह्यो कितीला?"

"नवा 14 हजार. ह्यो सच्याला म्हणून साडेपाच."

आप्पांनी जळका कोळसा शोधला आणि कट्ट्याच्या फरशीवरच आकडे मांडले. नव्यात वापरायला 6.4 मिलिमीटर, जुन्यात 2.4. भागाकार केला. नवा मिलिमीटरला 2,200 च्या आत, जुना 2,300 च्या घरात.

"स्वस्त म्हणून तू महाग घ्यायला निघालाईस, येड्या."

सच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पण आप्पा, फील..."

"फील न्हवं, सालपट म्हणत्यात त्याला."

बाळू तसा लबाड नाही, हे मी इथं सांगून ठेवतो. तारीख तो लपवत नाही, खाचा तापल्या हत्यारानं पुन्हा कोरून झिजून गुळगुळीत झालेल्या गोट्याला नवा म्हणून खपवत नाही. तेही करणारे आहेत. त्यानं स्वतःच कडेवरचा आकडा दाखवला. 3219. म्हणजे 2019 चा 32 वा आठवडा.

"आयला," पैलवान ओरडला, "म्हापुराचा आठवडा! आपण पाण्यात हुतो आणि ह्यो परदेशात जन्माला येत हुता!"

"बनवणारेच सांगत्यात, 5 वर्षं झाली की दरसाल तपासून घ्या आणि 10 ला काढाच," आप्पा म्हणाले. "बाळू, जुनं विकणं पाप न्हाई. एस.टी.ला आम्हीबी रिमोल्ड, म्हंजे जुन्यावर नवं रबर चढवलेलं टायर, घालायचो, पण मागच्या चाकांना. पुढं नवाच. आणि हितं बघ, म्हशीचं दूध डोळ्यांदेखत काढून दिल्याबिगर आपण पीत न्हाई. चरवीतलं चालत न्हाई. आणि ज्याच्यावर बायकापोरं बसणार, त्यो टायर दुसऱ्यानं चावून टाकलेला!"

यावर बाळूनं खरा मुद्दा काढला. हौशी लोक शोरूममधनं गाडी काढतात आणि हजार-दोन हजार किलोमीटरवर मूळचे टायर काढून रुंद चढवतात. ते काढलेले 7 मिलिमीटरचे, अर्ध्या किमतीत. ते वाईट कसे?

"त्यो घे की मग," आप्पा सच्याला म्हणाले. विषय तिथंच मिटला असता. पण सच्या म्हणाला, तसल्यात त्याचा पॅटर्न येत नाही. त्याला बाणासारख्या खाचांचाच पाहिजे.

बाण म्हटल्यावर आम्हाला गगनबावडा आठवला. मागच्या पावसाळ्यात सच्यानं असलेच बाणाचे टायर घरच्या घरी बदलले आणि दोन उलटे बसवले. ते पाणी बाहेर फेकायच्या ऐवजी आतच ओढायला लागले. घाटात गाडी बस्करावर बसल्यासारखी सरकली आणि सच्या आजपर्यंत सांगतो की त्यानं ड्रिफ्ट मारला.

"बाण म्होरं नि अक्कल मागं," आप्पा.

"वर ह्या टायरची कड बघा," मीही हात धुऊन घेतला, "225 मिलिमीटर रुंदीच्या 45 टक्के, म्हणजे जेमतेम 10 सेंटिमीटर. खड्ड्यात आपटला की आतले दोरे तुटणार नि फुगा येणार."

"तुम्ही सगळे माझ्यावरच का?" सच्या कळवळला. "बाळूला विचारा की, चाळिशी आली, अजून लग्न का न्हाई!"

"त्यो नवाच हाय की," पैलवान म्हणाला. "मॅन्युफॅक्चरिंग 1985, अजून फिटिंग न्हाई."

"गोडावनात पडूनबी रबर कडक हुतंयच," आप्पांनी काडी फेकली.

बाळू सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्या गोंधळात फरशीवर आडव्या पडलेल्या टायरकडं कुणाचं लक्ष नव्हतं. पलीकडच्या म्हशीनं शेपूट उचलली आणि 4 मिलिमीटरच्या सगळ्या खाचा एका दमात भरून काढल्या.

"घे," आप्पा म्हणाले, "झाला 8 चा."

सच्यानं केविलवाण्या नजरेनं बाळूकडं बघितलं. बाळूनं दोन्ही हात वर केले.

"वापरलेला माल परत घेतला जाणार न्हाई."